आधी बोर्ड, मग ग्राइंडर

ड्रिल, ग्राइंडर (लोखंड कापायचं-घासायचं मशीन) नाहीतर सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) विकत घ्यायला नाशिकमध्ये फारसं काही लागत नाही. मेन रोडला चक्कर मारली की तासाभरात पिशवी भरते, ऑनलाइन मागवलं तर दोन-तीन दिवसांत माल दारात. वेळ जातो तो ही मशिनं जिथे लावायची ती जागा तयार करण्यात. इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाऊसच्या मागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे. तिथे सुतारकाम आणि थोडंफार लोखंडाचं काम करता यावं म्हणून जानेवारीत हालचाल सुरू केली आणि शेड धडपणे कामाला लागली ती जून उजाडता उजाडता. काय करावं लागलं, का आणि किती पैसे लागले, ते क्रमाने लिहितो आहे. ज्यांच्याकडे पार्किंगचा कोपरा किंवा मळ्यातली रिकामी खोली आहे आणि मनात असंच काही शिजतंय, त्यांच्यासाठी.

पहिलं काम कागदावरचं. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो बघायचा. आमचा २ किलोवॅट होता. सर्क्युलर सॉ १४०० वॅटचा आणि धूळ ओढणारा व्हॅक्यूम १२०० वॅटचा. ही दोन्ही एकाच वेळी चालणार, म्हणजे शेडमध्येच २.६ किलोवॅट झाले. घरातला फ्रीज, पाण्याची मोटर, सकाळचा गिझर वेगळा. म्हणून ५ किलोवॅटसाठी अर्ज केला. महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून हे होतं. ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडला. जानेवारीअखेर अर्ज, मग डिमांड नोट, ती ऑनलाइन भरली आणि फेब्रुवारीच्या मध्यावर भार वाढून आला. त्यात वाढीव सुरक्षा ठेवही असते, ती धरून चाला. ठेकेदाराने रिपोर्टचे दीड हजार घेतले.

या रिपोर्टबद्दल एक सांगतो. बरेच जण नुसता सही-शिक्का घेऊन मोकळे होतात. त्यावर इन्सुलेशन रेझिस्टन्स (तारांचं वेष्टन किती धड आहे ते) आणि अर्थ रेझिस्टन्स (अर्थिंग जमिनीशी किती नीट जोडलंय ते) असे दोन आकडे भरायचे असतात. ते समोर मोजून घ्या. पैसे तेवढेच जातात आणि पुढचा अर्धा कार्यक्रम त्या दोन आकड्यांवर ठरतो.

दुसरा कागद सोसायटीला. ग्राइंडर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज सहज ९५ डेसिबलच्या वर जातो आणि पत्र्याची शेड तो वाढवतेच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते सहा, रविवारी बंद, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा संपेपर्यंत ग्राइंडर अजिबात नाही, असं लिहून दिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, वेळ सांगितलीस ना, मग काही नाही. नाहीतर दुपारी डोळा लागला की नेमकं सुरू होतं." हौसेपुरतं काम असेल तर घरगुती जोडणी चालते. उद्या ऑर्डरी घेऊन धंदा करायचा असेल तर टॅरिफची श्रेणी आधी विचारून घ्या. मंजूर कारणापलीकडचा वीजवापर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली येतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

फेब्रुवारीतच वायरमन बोलावला. तारतंत्री परवाना असलेलाच बोलवा. तो मागितला तर चांगला माणूस रागावत नाही.

"भाऊ, शेडच्या सॉकेटला अर्थिंग आहे का?"

"आहे ना दादा, तिन्ही भोकं जोडलेली आहेत."

बोर्ड उघडला. हिरवी तार अर्थच्या पिनपासून निघून वितभर सुद्धा गेली नव्हती. तिथल्या तिथे वळवून न्यूट्रलच्या स्क्रूखाली दाबली होती. घर बांधताना कुणी तरी तार वाचवली होती. हे नाशिकमध्येच काय, कुठेही सापडतं. सॉकेटमध्ये लावायचा तीन दिव्यांचा स्वस्त टेस्टर अशा बोर्डाला खुशाल 'बरोबर' म्हणतो, कारण त्याला न्यूट्रल आणि अर्थ यांतला फरक कळत नाही. धोका असा की मागे कुठे तरी न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, की फेज मशीनमधून फिरून त्या हिरव्या तारेने थेट मशीनच्या धातूच्या अंगावर येतो. मशीन बंद पडलेलं दिसतं, माणूस ते उचलायला जातो आणि अंग २३० व्होल्टवर असतं.

म्हणून आधी अर्थिंगचा खड्डा. नाशिकची जमीन या बाबतीत त्रास देते. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या अर्थिंगला भारतीय मानक आयएस ३०४३ प्रमाणे किमान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा पाइप लागतो. आमच्याकडे चार फुटांवर मुरूम लागला, सातव्या फुटाला कठीण थर. ब्रेकर आणून उरलेलं फोडलं. जिथे पाषाण वरच लागतो तिथे पाइप कापून आखूड करू नका, दोन खड्डे घेऊन एकत्र जोडा आणि त्यांत निदान पाइपच्या लांबीइतकं अंतर ठेवा. जवळजवळ घेतले तर दोन्ही एकाच मातीवर भार टाकतात आणि फायदा अर्ध्यावर येतो. भरणीला कोळसा-मीठ ही जुनी पद्धत आहे. मीठ दर पावसात वाहून जातं आणि पाइपही खातं, म्हणून बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरलं. वर झाकणाची विटांची चौकट, पाणी घालायला नरसाळं. मजुरी, पाइप, तार, भरणी मिळून साडेपाच हजार.

मार्चमध्ये अर्थ टेस्टरने मोजलं तेव्हा ४.२ ओहम आले (आकडा जितका कमी तितका खड्डा चांगला). मे महिन्याच्या शेवटी, जमीन पार वाळल्यावर, तोच खड्डा ७ च्या आसपास गेला. म्हणून खड्ड्याचा आकडा उन्हाळ्यात घ्यायचा. पावसाळ्यात प्रत्येक खड्डा शहाणा असतो.

आता हिशोब बघा, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज आहे. अर्थिंग झालं, एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे, मग आणखी काय हवं? ४.२ ओहमच्या खड्ड्यातून फेज जमिनीत गेला तर प्रवाह २३० भागिले ४.२, म्हणजे साधारण ५५ अँपिअर. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ५५ अँपिअरवर तो तापून पडेल, पण त्याला काही सेकंद, कधी वीसेक सेकंदही लागतील. तेवढा वेळ मशीनचं धातूचं अंग जिवंत. माणसाला मात्र दहाएक मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. तीस मिलिअँपिअरच्या वर, वेळ जास्त झाला तर, हृदयाची लय बिघडू शकते. एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवायचं काम आरसीसीबीचं.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. फरक ३० मिलिअँपिअरचा झाला की ३०० मिलिसेकंदांच्या आत, आणि पाचपट झाला की ४० मिलिसेकंदांच्या आत तोडतो. घ्यायचा तो ३० मिलिअँपिअरचाच. दुकानात १०० आणि ३०० चेही असतात, ते आग टाळण्यासाठी, माणसासाठी नाहीत. दोन पोल, ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर असा २१०० ला मिळाला. त्याच्या पुढे प्रत्येक सर्किटला वेगळा एमसीबी. आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही, तो नुसता गळती बघतो. आणखी एक मर्यादा: एका हाताला फेज आणि दुसऱ्या हाताला न्यूट्रल लागला तर जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच राहतो, त्यामुळे तो ढिम्म हलत नाही.

जोडताना सर्वात जास्त गडबड न्यूट्रलची होते. आरसीसीबीनंतरचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला भिडला की तो विनाकारण पडत राहतो. मग कंटाळून कुणी तरी तो बायपास करतं आणि सगळंच मुसळ केरात. शेडसाठी न्यूट्रलची वेगळी पट्टी ठेवा आणि तिच्यावर शेडशिवाय काही जोडू नका.

जोडणी झाल्यावर वायरमनने एक जुनी, छान चाचणी करून दाखवली. १५ वॅटचा तारेचा झिरो बल्ब, त्याची एक तार सॉकेटच्या फेजला आणि दुसरी अर्थच्या पिनला. १५ वॅट म्हणजे साधारण ६५ मिलिअँपिअर. आरसीसीबी खाडकन पडला तर अर्थ जोडलेला आहे. बल्ब पेटला आणि आरसीसीबी पडलाच नाही तर हिरवी तार पुढच्या न्यूट्रलला चिकटवलेली आहे. बल्बही नाही आणि आरसीसीबीही नाही, तर पिनला काही जोडलेलंच नाही. यातून खड्डा चांगला की सुमार ते मात्र कळत नाही, त्यासाठी अर्थ टेस्टरच लागतो. ही चाचणी परवानाधारकाने करायची, आपण शेजारी उभं राहून बघायची. आपण दर महिन्याला फक्त आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं.

बोर्डातली शेवटची गोष्ट लोक सोडून देतात आणि मला ती आरसीसीबीइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे लाइट जाते. स्लाइड स्विचचा ग्राइंडर चालू असताना लाइट गेली की मशीन थांबतं, पण स्विच पुढेच अडकलेला राहतो. माणूस मशीन टेबलावर ठेवून चहाला जातो. लाइट येते आणि ग्राइंडर स्वतःच सुरू होऊन टेबलभर नाचतो. यावर उपाय द्राक्षबागायतदाराला सांगायला नको. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाइट गेली की ती सुटते आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर पुन्हा सुरू होत नाही. तेच तत्त्व शेडमध्ये वापरलं. एक छोटा काँटॅक्टर (तशाच कॉइलवर चालणारा स्विच), हिरवं बटण, आणि दाराजवळ सगळं बंद करणारं लाल मश्रूम बटण, १९०० रुपयांत. लाल बटण हाताने नाही तर कोपराने किंवा गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर लावा. अडचणीच्या वेळी दोन्ही हात मशीनवर असतात. ग्राइंडर घेतानाही दाबून धरलं तरच चालणारा पॅडल स्विच मिळाला तर तोच घ्या.

सॉकेट, बॉक्स, वायर यांचे ४२०० झाले. १६ अँपिअरची सॉकेट घेतली. ६ अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम १३८० वॅट बसतात आणि सॉ त्याच्या पुढे जातो.

एक्स्टेन्शन बोर्ड घरीच बनवून घेतला, १.५ चौरस मिलिमीटरच्या तीन कोअर वायरचा, वीस मीटर. बाजारातल्या स्वस्त रीलमध्ये ०.७५ ची वायर असते. वीस मीटर जाऊन-येऊन चाळीस मीटर, तिचा रोध सुमारे एक ओहम. ७ अँपिअर वाहिले की त्या वायरमध्येच पन्नासेक वॅट उष्णता तयार होते. वायर जमिनीवर पसरलेली असेल तर ती निघून जाते. रीलवर गुंडाळलेली असेल तर आतल्या वेटोळ्यांचं प्लास्टिक मऊ होऊन एकमेकांना चिकटतं. म्हणून रील कुठलाही असो, पूर्ण उलगडून वापरायचा. माझ्या बोर्डाचे, प्लग-सॉकेट धरून, दोन हजार लागले.

एप्रिलमध्ये खरेदी. बॉश म्हटलं की नाशिककराला मायको सर्कल आठवतं (मायको हे इथल्या बॉशचं जुनं नाव), पण सातपूरच्या त्या कारखान्याची ओळख डिझेल इंजिनाच्या इंजेक्टर-नोझलची, ड्रिलची नव्हे. ब्रँडपेक्षा नेमप्लेट वाचा. चौकोनात चौकोन ही खूण असली तर ते दुहेरी इन्सुलेशनचं मशीन. त्याला दोनच पिना असतात आणि अर्थिंगचा त्याला उपयोग नाही. केबल सोलली किंवा पाणी आत गेलं तर फक्त आरसीसीबी वाचवतो. बेंच ग्राइंडरसारखं तीन पिनांचं मशीन असेल तर दोन भोकांच्या सॉकेटसाठी तिसरी पिन कापायची नाही. ड्रिल २६००, चार इंची ग्राइंडर ३२००, सॉ साडेसहा हजार, व्हॅक्यूम पाच हजार.

सुरक्षेच्या सामानात डोळ्यांवर कंजुषी करू नका. साधा चष्मा समोरून वाचवतो, ठिणगी गालावरून वर सरकते. बाजूंना बंद असलेला, आयएस ५९८३ ची खूण असलेला गॉगल आणि ग्राइंडरसाठी त्यावर पूर्ण चेहऱ्याचं शील्ड. शील्ड गॉगलच्या ऐवजी नाही, गॉगलच्या वर. कानाला मफ. धुळीसाठी आयएस ९४७३ चा मास्क. ग्रॅनाइटचा ओटा, टाइल किंवा काँक्रीट कापताना जी बारीक सिलिका उडते ती फुप्फुसातून परत निघत नाही, आणि रुमाल तिला अडवत नाही. सगळं मिळून बावीसशे.

कपड्यांचं वेगळं सांगतो. गळ्यातला गमछा, ओढणी, लोंबती बाही, मनगटातला दोरा. देवाचा दोरा कुणाला कापवत नाही, हे मान्य. मग घट्ट मनगटपट्टी घालून तो आत दाबा. हातमोजे ड्रिलवर आणि सॉवर नाहीत. सुती मोजाचा एक धागा बिटला लागला तरी मोजा गुंडाळला जातो आणि बोट त्याच्यासोबत जातं. ग्राइंडरवर दोन्ही हात मशीनवरच असतात, तिथे अंगाला घट्ट बसणारे चामड्याचे चालतात.

ड्रिलबद्दल थोडक्यात. भिंतीत भोक पाडण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली लपलेली पाइप आहे असंच धरा. टाइलला आधी ड्रिलचा हॅमर (ठोके) बंद ठेवा, ग्लेझ (वरचा चकचकीत थर) फुटल्यावर चालू करा. छोटा पत्रा हातात धरून भोक पाडू नका. बिट दुसऱ्या बाजूला निघताना अडकतो आणि पत्रा पंख्यासारखा फिरतो. क्लॅम्प लावा. चक (बिट धरणारा जबडा) आवळायची चावी काढल्याशिवाय प्लग लावायचा नाही. बॅटरीचं मशीन असेल तर बिट बदलताना बॅटरी बाहेर.

ग्राइंडरला जास्त वेळ दिला. अंबडला फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडे मे महिन्यात काही सकाळी जाऊन बसलो. त्यांनी पहिल्या दिवशी मशीन हातात दिलंच नाही, डिस्क दिली. "आधी वाच."

डिस्कवर खरंच सगळं लिहिलेलं असतं. मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष, ती मुदत. राळेने बांधलेली डिस्क बनल्यापासून तीन वर्षांत संपते, कारण ओलाव्याने राळ कमकुवत होते. नाशिकच्या पावसाळ्यात उघड्या खोक्यात ठेवलेल्या डिस्कचं काय होत असेल ते ओळखा. बंद डब्यात, सपाट ठेवा. मग तांबडा पट्टा, म्हणजे कडेचा कमाल वेग सेकंदाला ८० मीटर. मग कमाल फेरे: १०० मिलिमीटरच्या डिस्कला १५,३००, १२५ च्या डिस्कला १२,२५०, १८० च्या डिस्कला ८,६०० च्या आसपास. आपलं मशीन मिनिटाला ११,००० फेरे मारतं. १०० ची डिस्क त्यावर सेकंदाला साधारण ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर जाते आणि तरी मर्यादेत राहते. गार्ड काढून, बुश (भोक जुळवायचं कडं) घालून १८० ची बसवली तर सेकंदाला १०० मीटरच्या पुढे. ती फुटते, आणि फुटताना तुकडा त्याच वेगाने निघतो. गार्ड हा त्या तुकड्यासाठी असतो, ठिणग्यांसाठी नव्हे. बरेच कारागीर 'दिसत नाही' म्हणून गार्ड काढतात. तो सैल करून फिरवता येतो, बंद बाजू आपल्याकडे ठेवायची, एवढंच.

एक मिलिमीटरची कापायची डिस्क बाजूने घासायला वापरायची नाही. ती कडेवर ताकद घेते, आडवा दाब आला की तडकते. घासायला सहा मिलिमीटरची वेगळी डिस्क. आणि ग्राइंडरवर लाकडाचं दातेरी पातं कधीच नाही, दुकानदार कितीही सांगो. डिस्क झिजते आणि सरकते, दात मात्र लाकडात रुततो आणि सगळं मशीन हिसका मारून वर येतं.

नवी डिस्क बसवली की मशीन जमिनीकडे वळवून, स्वतः डिस्कच्या रेषेतून बाजूला होऊन, मिनिटभर मोकळं फिरवा. थरथर वाटली तर बंद.

मग कापणं. काकांनी लोखंडी चौकोनी पाइप दोन घोड्यांवर (टेकू द्यायच्या स्टँडवर) दोन टोकांना ठेवला आणि विचारलं, "कुठून कापशील?" सगळ्यांना वाटतं तसं मधून. पण दोन टोकांवर टेकलेला पाइप कापत गेलं की मधे खचतो, चीर वरून मिटते आणि डिस्क चिमटीत सापडते. तिथून हिसका बसतो. घोडा कापायच्या खुणेच्या लगेच शेजारी घ्यायचा, कापून पडणारा तुकडा मोकळा ठेवायचा. मग चीर उघडत जाते. दाब हाताचा नको, मशीनच्या वजनाचा पुरतो. आवाज खाली उतरला म्हणजे तुम्ही दाबताय. बाजूचा हँडल कायम लावलेला. स्विच बंद केल्यावर डिस्क कित्येक सेकंद फिरत राहते. ती थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही.

ठिणग्या कुठे जातात ते आधी बघायचं. शेडमध्ये लाकडाचा भुसा आणि लोखंडाच्या ठिणग्या एका दिवशी नकोत. लोखंड कापायच्या आधी झाडून घ्यायचं, व्हॅक्यूमने ठिणग्या ओढायच्या नाहीत कारण आत भुसा असतो, आणि काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास शेड सोडायची नाही. भुशातली आग ज्वाळ न दाखवता बराच वेळ दबून राहते.

सॉ शेवटी हाती घेतला. आपल्याकडे सुतारमंडळी मार्बल कटरला ११० चं कार्बाइड दातांचं पातं लावून प्लाय कापतात. काम होतं, पण त्या मशीनला खालचा आपोआप बंद होणारा गार्ड नसतो आणि पाणी मारून दगड कापायला बनलेली त्याची घडण वेगळी. १८५ मिलिमीटरच्या सॉला तो गार्ड असतो. प्लग लावण्याआधी तो हाताने उघडून सोडा. स्प्रिंगने झटकन बंद झाला पाहिजे. तार बांधून उघडा ठेवलेला सॉ कुणी देऊ केला तर घेऊ नका. खोली अशी लावा की पातं प्लायच्या खाली एका दाताइतकंच, पाचसहा मिलिमीटर, बाहेर येईल. पूर्ण खोलीवर ठेवलं तर जास्त दात लाकडात राहतात आणि हिसक्याला जोर मिळतो. हिसक्याचं कारण इथेही चीर मिटणं हेच: मिटलेली चीर फिरत्या पात्याला पकडते आणि सॉ उलटा तुमच्याकडे धावतो. म्हणून आठ बाय चारची शीट दोन स्टुलांवर न टांगता जमिनीवर जाड थर्माकोल पसरून त्यावर ठेवली. पातं थर्माकोलमध्ये थोडं घुसतं, दोन्ही भाग जागेवर राहतात. पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पट्टी मशीनला नसेल तर फूटभर कापून झाल्यावर मशीन थांबवून चिरेत लाकडी पाचर घालायची. उभं राहायचं पात्याच्या रेषेच्या बाजूला. केबल खांद्यावरून मागे.

जूनमध्ये पहिला पाऊस आला आणि आरसीसीबी पडायला लागला. अशा वेळी सगळे प्लग काढा, आरसीसीबी उचला, मग एकेक लावत जा. ज्याच्यावर पडेल तो गुन्हेगार. आमच्याकडे पत्र्याच्या कडेला टांगलेला एक्स्टेन्शन बोर्ड निघाला, त्यात ओल गेली होती. मशिनं संशयित असतील तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासून घ्या. चांगल्या मशीनचा आकडा शेकडो मेगाओहममध्ये येतो, दोनच्या खाली आला तर ते मशीन बाजूला. शेडच्या जमिनीवर रबरी मॅट टाकली आणि बोर्ड कमरेच्या वर घेतला.

दाराच्या आत एक कागद चिकटवला आहे. शॉक लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी लाल बटण. श्वास नसेल तर १०८ ला फोन आणि छाती दाबणं सुरू, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. येत असेल त्याने तीस दाबांनंतर दोन श्वास द्यायचे. घरातल्या सगळ्यांना तो वाचून दाखवला आणि लाल बटण दाबायला लावलं. शेडमध्ये एकट्याने काम करताना घरात कुणी तरी जागं असतं.

खर्चाचा हिशोब मांडला तर सुरक्षा ठेव सोडून टेस्ट रिपोर्ट, बोर्ड, अर्थिंग आणि एक्स्टेन्शनचे सतरा हजारांच्या आसपास आणि मशिनांचेही जवळजवळ तेवढेच. आता उरतो तो किरकोळ सांभाळ. दर कामाआधी केबल हाताने चाचपायची, विशेषतः मशिनात शिरते तिथे. तिथे चिकटपट्टी नको, केबलच बदला. आतल्या झरोक्यांतली धूळ ब्लोअरने बाहेर काढायची. लोखंडाचा कीस साठला तर तोच फेज अंगापर्यंत आणतो. झरोक्यातून ठिणग्या जास्त दिसायला लागल्या, मशीन अडखळायला लागलं की कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) संपत आले. जोडी शंभर-दीडशेला मिळते. दुकानात जाताना जुना ब्रश आणि नेमप्लेटचा फोटो दोन्ही न्या, कारण एकाच कंपनीच्या दोन ग्राइंडरचे ब्रश अर्ध्या मिलिमीटरने वेगळे असतात आणि जबरदस्तीने बसवलेला ब्रश होल्डरमध्ये अडकून कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो भाग) जाळतो.